लेकीला इंग्लंडच्या समर स्कूलमध्ये सहा आठवड्यांचं काम मिळालंय, जाऊ द्यावं का?

कारेलीबागची आई
११ मे २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, कारेलीबागला राहते. मुलगी इंग्लंडमध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, स्टुडंट व्हिसावर. वय वीस, येत्या १४ जुलैला एकवीस पूर्ण होतील. परीक्षा संपल्या की जूनमध्ये घरी यायचं, हे दिवाळीपासून ठरलेलं. सासूबाईंनी तिच्यासाठी केसर आंब्याचा रस काढून फ्रीजरमध्ये डबे भरायला सुरुवातही केलीय.

परवा फोन आला. म्हणते, आई, मला समर स्कूलमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी लीडरचं काम मिळालंय, २९ जून ते १० ऑगस्ट. मला आधी कळेचना. तिने समजावलं ते असं: उन्हाळ्यात तिथल्या बोर्डिंग शाळा रिकाम्या होतात, त्या जागेत देशोदेशीची अकरा ते सतरा वर्षांची मुलं दोन-तीन आठवड्यांसाठी इंग्रजी शिकायला येतात. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस खेळ, सहली. वर्ग घ्यायला वेगळे शिक्षक असतात, बाकीचं सगळं हिच्यासारखी मुलं बघतात. राहायचं तिथेच, जेवायचं तिथेच.

माझे प्रश्न. एक तर व्हिसावर हे चालतं का? दुसरं, पत्रात लिहिलंय की राहण्याचे पैसे पगारातून कापणार. राबवून घेणार आणि वर भाडंही घेणार, हे कसं? तिसरं, रात्रीची ड्यूटी आहे म्हणते. रात्री काय काम असतं? आणि तिच्याकडे इथल्या पोलिसांचा दाखला मागितलाय. हे ऐकून तिच्या बाबांनी एकदम नाहीच म्हटलं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. कुणी स्वतः हे काम केलं असेल किंवा मुलांनी केलं असेल तर सांगा, अगदी मोकळेपणाने सांगा.

लेस्टरवासी
११ मे, रात्री ११.०५

काकू, व्हिसाचं तेवढं सांगतो. पदवीच्या मुलांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तास आणि सुट्टीत पूर्ण वेळ काम करता येतं. तुमची मुलगी बी.ए.ला आहे म्हणजे जुलै-ऑगस्ट ही तिची सुट्टीच. (मास्टर्सवाल्यांनी इथे फसू नये. त्यांचा उन्हाळा प्रबंधाचा असतो, तो सुट्टीत धरत नाहीत.) युनिव्हर्सिटीकडून टर्मच्या तारखांचं पत्र घेऊन ठेवायला सांगा, कामावर ते मागतातच.

दोन गोष्टी मात्र नीट बघा. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. त्यामुळे 'सेल्फ-एम्प्लॉइड' असं कुठे लिहिलं असेल तर सही करायची नाही. आणि या व्हिसावर स्पोर्ट्स कोच म्हणून काम करायला मनाई आहे. अ‍ॅक्टिव्हिटी लीडर म्हणून मुलांसोबत फुटबॉल खेळणं वेगळं आणि पत्रावर 'टेनिस कोच' असं लिहिलेलं असणं वेगळं. पत्रात कामाचं नाव आणि वर्णन काय आहे ते युनिव्हर्सिटीतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला केंद्राला एकदा दाखवून घ्या. ते फुकट बघून देतात.

दांडियाबाजार
१२ मे, दुपारी १.१५

काकू, मी हे काम दोन उन्हाळे केलंय, २०२३ आणि २०२४. मी स्टुडंट व्हिसावर नव्हते. भारतातल्या पदवीधरांसाठी यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे, १८ ते ३० वयाच्या मुलांची सोडत निघते, वर्षाला ३,००० जागा. २०२३च्या पहिल्याच सोडतीत माझं नाव लागलं. त्याआधी इथे बडोद्यात एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. पहिल्या वर्षी अ‍ॅक्टिव्हिटी लीडर, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी मुलींच्या हाउसची, म्हणजे त्यांच्या राहत्या इमारतीची जबाबदारी. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते: जाऊ द्या. पण काम कसलं ते घरात सगळ्यांना कळलं पाहिजे, कारण जाहिरातीतल्या फोटोंवरून ते कळत नाही. फोटोत रंग, नाटक, पोहणं, हसरे चेहरे. आमचं मुख्य काम मुलं मोजायचं.

खरंच मोजायचं. नाश्त्याला मोजायचं, बसमध्ये चढताना मोजायचं, बस सुटण्याआधी दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, म्युझियममध्ये शिरताना, बाहेर पडताना, रात्री खोल्यांमध्ये. शाळेत असताना मी कमाटीबागेत चौथीची सहल नेलेली आहे, तेव्हा वाटायचं मला मोजता येतं. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात माझा आकडा दोनदा चुकला. इंग्रजीत मोजायला लागले की मध्येच कुणीतरी "मिस, टॉयलेट?" विचारायचं, कुणी घड्याळात किती वाजले ते सांगायचं, की माझे तेवीस-चोवीस गेलेच. मग मी मराठीत मोजायला लागले, दोरीवरचे कपडे काढताना आई पुटपुटते तसं. मराठी आकडा आजूबाजूच्या कुणाच्याच बोलण्यात मिसळत नाही. पुढे दोन वर्षांत एकदाही चुकला नाही. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा.

आकडा चुकला नाही, पण माझ्या हातून एक मूल सुटलं, तेही सांगते. पहिल्या वर्षीचा दुसरा शनिवार, लंडनची पूर्ण दिवसाची सहल. मुलं ४१, आम्ही तिघं. नॅचरल हिस्टरी म्युझियम बघून साउथ केन्सिंग्टन स्टेशनवर पिकाडिली लाइनची ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, पकडायची होती. रांगेच्या पुढे एक जण, मध्ये एक, शेवटी मी. शेवटच्याने सगळी मुलं आत गेल्याशिवाय डब्यात पाय ठेवायचा नाही हा नियम. गाडी गच्च भरलेली. दोन मुली दारातच अडून उभ्या राहिल्या, त्यांना आत सरकवायला मी चढले, आणि मागे दार लागलं. काचेतून बघते तर पिवळ्या टी-शर्टातला चौदा वर्षांचा इटालियन मुलगा प्लॅटफॉर्मवर, हातात डायनोसॉरचं पोस्टर. गाडी हलली. पुढचं स्टेशन नाइट्सब्रिज. ते अंतर दोन-तीन मिनिटांचं असेल, पण माझे पाय अक्षरशः गार पडले होते. नाइट्सब्रिजला सगळी मुलं उतरवली, दोघांनी त्यांना भिंतीशी उभं केलं आणि मी उलट्या गाडीने परत गेले.

तो होता तिथेच होता. एक पाऊल हलला नव्हता. पोस्टर काखेत आणि मनगटावरच्या कागदी पट्टीवर केंद्राचा फोन नंबर असतो, त्यावर अंगठा दाबून धरलेला. सकाळी बसमध्ये मी तीनदा सांगितलं होतं: सुटलात तर जिथे आहात तिथेच थांबा, आम्ही परत येतो. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मुलं वैतागली होती, ड्रायव्हरसुद्धा हसला होता. रात्री झालेला सगळा प्रकार वेळेसकट लिहून द्यावा लागला. मी आधी चढले, ही माझी चूक, असं मी स्वच्छ लिहिलं. तिथे लपवणाऱ्याला ठेवत नाहीत, चूक लिहून देणाऱ्याला ठेवतात. त्या दिवसापासून दार लागून गाडी गेली तरी बेहत्तर, पण माझ्या मागे मूल नाही.

आता रात्रीचं, कारण तुम्ही ते मुद्दाम विचारलंय. साधारण साडेदहाला दिवे बंद. त्याआधी सगळ्यांचे फोन गोळा करून पेटीत ठेवतात, नाहीतर मुलं पहाटेपर्यंत झोपत नाहीत. मग दोघं-तिघं कॉरिडॉरमध्ये बसून राहायचं, बारा-साडेबारापर्यंत. कुणी कुणाच्या खोलीत जात नाही ना, कुणी रडत नाही ना, कुणाला ताप नाही ना. त्यानंतर एक जण त्याच मजल्यावर झोपतो, रात्री काही झालं तर उठायला.

पहिल्या दोन रात्री सगळ्यात महत्त्वाच्या. दिवसा दंगा करणारं मूलही पहिल्या रात्री कोसळतं. माझ्याकडे जपानचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता. दिवसभर व्यवस्थित, जेवायचा, खेळायचा. दहा वाजता फोन दिला की भिंतीकडे तोंड करून पडायचा, पण झोपायचा नाही. इंग्रजी जेमतेम. तिसऱ्या रात्री मी जिन्यात बसले होते, तो पाणी प्यायला आला आणि घड्याळाकडे बघत राहिला. आता मी रोज रात्री दहाला बडोद्यात किती वाजले असतील ते मनात मोजायचेच, अडीच, सगळे गाढ झोपलेले. तसंच त्याचं मोजलं. इंग्लंडात उन्हाळ्यात रात्रीचे दहा म्हणजे जपानात सकाळचे सहा. मी कागदावर ६ लिहिला, शेजारी उगवता सूर्य काढला आणि "मदर?" म्हणून विचारलं. त्याने मान हलवली. त्याची आई सहाला उठते, सातला कामावर जाते. तिला मुलाशी बोलायला मिळणारी तेवढीच वेळ, आणि नेमका तेव्हाच आम्ही फोन काढून घेत होतो. दुसऱ्या दिवशी मी वेल्फेअर मॅनेजरना सांगितलं. त्यांनी लगेच ठरवून दिलं, दहा ते सव्वादहा ऑफिसात बसून बोलायचं. त्या रात्री सव्वादहाला फोन परत देऊन गेला आणि मी अकराला खोलीत डोकावले तर आडवातिडवा झोपलेला.

हे तुमच्या मुलीला जमेल का, हे तुम्हालाच जास्त माहीत. माझ्या मते वीस वर्षांची, दोन वर्षं घरापासून लांब राहिलेली मुलगी हे तिथल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगलं करेल. रडू येणं म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

पैशांचं. काकू, राहण्याचे पैसे कापतात हे कायद्यात बसतं, पण त्याला मर्यादा आहे. १ एप्रिल २०२५पासून २१ आणि त्यापुढच्यांना किमान वेतन तासाला १२.२१ पौंड, १८ ते २० वयाला १० पौंड. राहण्यापोटी किमान वेतनातून दिवसाला जास्तीत जास्त १०.६६ पौंड, म्हणजे आठवड्याला ७४.६२. जेवणाचे पैसे कापून पगार किमान वेतनाच्या खाली आणता येत नाही, त्याला मुभा नाहीच. म्हणजे ती ४८ तास काम करेल तर वीस वर्षांच्या दराने ४८० पौंड, त्यातून ७४.६२ वजा, टॅक्स वगैरे कापायच्या आधी ४०५ च्या आसपास. १४ जुलैला तिला २१ पूर्ण होतात. त्यानंतर पगाराचा जो नवा हप्ता सुरू होईल तेव्हापासून १२.२१चा दर. हे आपोआप होईल असं धरून बसू नका, तिने आधीच ई-मेल करून विचारून ठेवावं. कापलेला टॅक्स बहुतेक परत मिळेल, कारण वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत टॅक्स नाही. पण त्यासाठी शेवटी पी-४५ नावाचा कागद मागून घ्यायचा. रजेचे पैसे कधी तासाच्या दरातच घातलेले असतात, कधी शेवटी वेगळे देतात. पत्रात कुठलं आहे ते वाचायचं.

माझं पहिल्या वर्षी काय झालं ते लिहिते. टाइमशीट आधीच भरलेली यायची, रोज आठ तास, आम्ही नुसती सही करायची. आम्ही साडेसातला सुरू करायचो आणि रात्री बाराला खोलीत जायचो, मध्ये दोनेक तास मोकळे. एकदा सलग तेरा दिवस सुट्टी मिळाली नाही, कारण दोन जण काम सोडून गेले होते आणि बदली माणूस आला नाही. तेराव्या दिवशी मी जेवणाच्या रांगेत उभ्या-उभ्या झोपले. हे मी आजही रागानेच सांगते. दमलेल्या माणसाकडे ४१ मुलं देणं हा त्या मुलांशीही अन्याय आहे, एकट्या माझ्याशी नाही. मी छोट्या वहीत रोजची वेळ लिहून ठेवली होती, कुठून कुठपर्यंत, रात्री कुणासाठी किती वाजता उठले. सगळं संपल्यावर तिथल्या एकॅस नावाच्या सार्वजनिक संस्थेच्या हेल्पलाइनला फोन केला, सल्ला फुकट असतो. त्यांनी काय लिहायचं ते समजावलं. मी वहीतल्या तारखा घालून ई-मेल पाठवला आणि सप्टेंबरअखेर राहिलेले पैसे आले. वही नसती तर काही मिळालं नसतं.

रात्रीच्या झोपेबद्दल एक बारीक गोष्ट. ड्यूटीच्या मजल्यावर नुसतं झोपायचं असेल तर ते तास किमान वेतनात धरावे लागत नाहीत, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१मध्ये तसा निकाल दिलाय. पण उठून काम केलं तर ती वेळ धरावी लागते. म्हणून वहीत 'रात्री २.२० ते ३.०५, पोटात दुखणाऱ्या मुलीसोबत' असं लिहायचं.

तेव्हा तिने जाण्याआधी लेखी विचारून घ्यावं: आठवड्यात पूर्ण २४ तास सुट्टी कुठल्या वारी, रात्रीची ड्यूटी आठवड्यात किती वेळा आणि तिचा मोबदला काय, रात्री उशिरा ड्यूटी असेल तर दुसऱ्या दिवशी किती वाजता सुरू (दोन ड्यूटींच्या मध्ये ११ तास विश्रांतीचा नियम आहे). आणि आठवड्याला ४८ तास कामाच्या मर्यादेतून स्वतःला वगळण्याचा एक कागद असतो, तो बाकीच्या गठ्ठ्यात घालून सहीला देतात. त्यावर सही करणं सक्तीचं नाही. या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारं केंद्र चांगलं असतं. दुसऱ्या वर्षीच्या माझ्या केंद्राने तर सुट्टीचा तक्ता जूनमध्येच पाठवला होता, आणि सहा आठवड्यांत माझी एकही सुट्टी हलली नाही.

पोलिसांच्या दाखल्याला घाबरू नका. उलट तो मागितला हे चांगलं लक्षण. तिथे मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची डीबीएस नावाची तपासणी होते, पण तिच्यात फक्त तिथली नोंद दिसते. त्याआधी ती बडोद्यात होती, त्या काळासाठी आपला पीसीसी, म्हणजे हाच पोलिसांचा दाखला. ती तिथूनच भारतीय उच्चायुक्तालयामार्फत अर्ज करू शकते. पोलीस घरी चौकशीला आले तर पासपोर्टच्या वेळी आले होते तसंच समजा. मात्र अर्ज आजच करायला सांगा, वेळ लागतो.

मांजलपूरचे काका
१२ मे, संध्याकाळी ७.३०

ताईंनी चांगलं लिहिलंय, पण दुसरी बाजूही येऊ द्या. माझ्या मुलाने हे काम गेल्या वर्षी केलं, दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत. सहा आठवड्यांत पाच किलो उतरला. ऑगस्टच्या मध्यावर सुटला, अंगात ताप, भारतात यायला पैसे आणि दिवस दोन्ही उरले नाहीत. सप्टेंबरअखेर तिसरं वर्ष सुरू झालं ते थकलेल्या अंगानेच. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचं वाचन सुट्टीत करायचं होतं, ते पानभरही झालं नाही. मिळालेले पैसे दोन महिन्यांच्या घरभाड्यात गेले.

आजीला तो दीड वर्षाने भेटला. माझी आई तेव्हा आजारी होती, पण आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. ते मला अजून लागतं. मुलीला जाऊ देऊ नका असं मी म्हणत नाही. पण घरी यायचं तिकीट आधी काढा, मग काम घ्या. काम संपल्यावर बघू असं ठेवलंत की येणं होत नाही.

दांडियाबाजार
१२ मे, रात्री ९.५०

काका, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि तिकिटाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मीही पहिल्या वर्षी नवरात्रापर्यंत येऊ शकले नाही. हातात परतीची तारीख असली की "अजून एक आठवडा थांब" म्हणणाऱ्या मॅनेजरलाही नाही म्हणता येतं. कारण सीझनच्या शेवटी माणसं कमी पडतात आणि तसं विचारतातच.

कारेलीबागची आई
१३ मे, सकाळी १०.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिच्या बाबांना दांडियाबाजार ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. जपानच्या मुलाचं आलं तेव्हा ते उठून गॅलरीत गेले. नंतर स्वतःच तिला फोन लावला. (तिथे संध्याकाळ होती.)

काकांचं म्हणणंही पटलं. गणपती २७ ऑगस्टला बसतोय, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. १० ऑगस्टला काम संपतं, तर १६ ऑगस्टचं तिकीट बघतोय, म्हणजे मधे पाच दिवस नुसतं झोपायला. आमरस तोवर फ्रीजरमध्ये राहील, सासूबाईंना समजावलंय. पत्रावर 'अ‍ॅक्टिव्हिटी लीडर' असंच आहे, तिने सल्ला केंद्रात वेळही घेतलीय.

आता आणखी तीन गोष्टी विचारते. ती शाकाहारी आहे, खाणार काय? मी तिच्या मैत्रिणीच्या आईबरोबर चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की पाठवणार आहे, त्या जूनमध्ये जाताहेत. सतरा वर्षांची मुलं म्हणजे हिच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान. ती मुलं काही वेडंवाकडं वागली तर? आणि सोबत काय घ्यायला सांगू?

दांडियाबाजार
१३ मे, दुपारी २.०५

काकू, चिक्की पाठवू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. माझ्या आईनेही पहिल्या वर्षी लीलो चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू दिले होते. मी मोठ्या हौसेने स्टाफच्या खोलीत डबा उघडला, आणि वेल्फेअर मॅनेजर जवळजवळ धावत आल्या. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन मुलं अशी होती की शेंगदाण्याच्या नुसत्या कणाने श्वास अडकतो. त्यांची इंजेक्शनं कायम आमच्या बॅगेत असायची, आणि ते कुठे-कसं टोचायचं हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तेल लागलेल्या हाताने मी त्यातल्या एकाच्या हातात बॉल दिला असता तर? डबा मी त्याच दिवशी बांधून मैत्रिणीकडे पाठवला. मुलांना आपल्या हातचं काही खायला द्यायचंच नाही, कितीही जीव लागला तरी. भाजलेले पोहे, कुरमुरे, खाकरे पाठवा, शेंगदाणे आणि काजू न घालता. खाकऱ्याच्या पाकिटावर काय काय आहे ते वाचून घ्या.

जेवण मिळतं, पण तेच ते. भाजलेला बटाटा, वर चीज आणि बीन्स. पास्ता. सहलीच्या दिवशी पिशवीत सँडविच, वेफर्स, सफरचंद. शाकाहारी आहे हे तिने आत्ताच फॉर्ममध्ये लिहावं, कारण पहिल्याच रविवारी मुलांचे लोंढे येतात आणि स्वयंपाकघराला तेव्हा कुणाचं काही ऐकायला वेळ नसतो. लिंबाचं लोणचं मात्र नक्की द्या. माझ्या बटाट्याला त्यानेच तारलं.

मोठ्या मुलांचं. तुमची काळजी बरोबर आहे, आणि त्यासाठी नियम कडक असतात. ते मुलांना जसे वाचवतात तसे आपल्यालाही. एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही, दार उघडं ठेवायचं किंवा दुसऱ्याला बोलवायचं. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, इन्स्टाग्रामवर कुणाला घ्यायचं नाही, कोर्स संपल्यावरही नाही. कुणी अंगचटीला आलं किंवा घाणेरडं बोललं तर तिने मनात ठेवायचं नाही, त्याच दिवशी लिहून द्यायचं. प्रत्येक केंद्रात यासाठी एक ठरलेली व्यक्ती असते, तिचं नाव आणि फोटो भिंतीवर लावलेला असतो. पहिल्या दिवशी तिचं तोंड ओळखून ठेवायचं.

आणि एक गोष्ट, जी मला शिकायला वेळ लागला. एखादं मूल म्हणतं, "मिस, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही असं वचन दे." तिथे वचन द्यायचं नाही. आपल्याकडे आपण पटकन म्हणतो ना, "हो रे बाळा, नाही सांगणार." तसं नाही म्हणायचं. "तू सांग, मी नीट ऐकेन, पण तुला मदत लागेल असं काही असेल तर मला ते एका माणसाला सांगावं लागेल," असं म्हणायचं. माझ्यासमोर एक मुलगी हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसली आणि मग तिने सांगितलंच. काय ते इथे लिहिणार नाही. पण मी वचन दिलं असतं तर तिला मदत करता आली नसती.

सोबत घ्यायचं: पाऊस झेलणारं जॅकेट आणि वापरून सैल झालेले बूट, नवे नकोत. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं होतात आणि जुलैतही गवत ओलं असतं. हातातलं घड्याळ, कारण ड्यूटीवर सारखा फोन बघितलेला चालत नाही. शिट्टी. खिशात मावणारी वही आणि दोन पेनं. पत्त्यांचे दोन जोड, पावसाच्या दुपारी चाळीस मुलं एका हॉलमध्ये कोंडलेली असतात तेव्हा त्याहून मोलाचं काही नाही. मी मुलांना मेंढीकोट शिकवलं होतं, स्पेनची मुलं त्यात फार पटाईत निघाली.

एक घागराही टाकायला सांगा, जागा असेल तर. दर आठवड्याला देशोदेशीची संध्याकाळ असते, आणि बडोद्याच्या मुलीला गरबा येत नाही असं कसं चालेल? पहिल्यांदा दोन टाळ्यांचाच घ्या म्हणावं. तीन टाळ्यांवर मुलं एकमेकांवर आदळतात आणि मग प्रथमोपचाराची पेटी काढावी लागते. ओळी आधी सरळ शिकवायच्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि सगळ्यांचे पाय जुळले की मग गोल करायचा. स्पीकर केंद्राचा असतो, गाणी तेवढी फोनमध्ये डाउनलोड करून न्यायची, हॉलमध्ये नेट पोचत नाही.